सोंग नव्हतं ते

प्रिय दादा,

काल तू लाथेने माझ्या दाराची कडी तोडलीस आणि माझा ओठ फोडलास. तुझ्या लेकीला, चिमीला, ओढून न्यायला आला होतास. पदवी मिळाली म्हणून सगळ्या घराला रोगी ठरवतेस, असं ओरडत होतास. माझ्या फीसाठी गॅरेजमध्ये रात्रंदिवस राबलास ते मी विसरलेले नाही. म्हणूनच हे लिहितेय.

आत्या आठवते? बाबांनी तिच्यावर पट्टा उगारला आणि ती न्हाणीच्या दारात कोसळली. आपल्या घरात पडलेल्याला उठवायची एकच रीत, थोबाडीत देणं. बाबा देत राहिले. ‘सोंग करतेय,’ म्हणत राहिले. ती गेली होती तरीही.

गेल्या आठवड्यात चिमीच्या हातून तुझा खिळ्यांचा डबा सांडला. तू पाना उगारलास, ती कोसळली आणि तूही तिला थोबाडीतच दिलीस. ती शुद्धीवर आली तशी वहिनी तिला उचलून माझ्याकडे धावली. दवाखान्यात चिमीच्या हृदयाचा आलेख काढला, मग माझा आणि वहिनीचाही. वहिनीचा ठीक आहे. चिमीचा नि माझा सारखाच बिघडलेला. दोष आपल्या रक्तातला आहे, दादा. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला सावरायला नको तितका वेळ लागतो. दचकलं, भ्यालं, ऊर फुटेस्तोवर धावलं की ठोके सैरावैरा सुटतात, रक्त पुढे जात नाही. आम्हा दोघींना रोज गोळी आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुसरं कुठलंही औषध नाही. कोणी कोसळलं आणि श्वास थांबला, तर रुग्णवाहिका बोलवायची आणि ती येईपर्यंत छाती दाबत राहायची. मी वहिनीलाही शिकवलंय. आणि चिमीवर कुणी ओरडायचं नाही, हात उगारायचा नाही. हेही डॉक्टरांनी औषधासारखंच सांगितलंय.

काल मला मारून तू भिंतीला धरलंस, पांढराफटक पडलास आणि खाली घसरलास. क्षणात उठलास, पाय घसरला म्हणालास. पाय घसरला नव्हता. तू पडलास तेव्हा माझाही हात तुझ्या थोबाडीत द्यायला उठला होता, घरचं वळण. तो मी तुझ्या छातीवर ठेवला. आत काय चाललं होतं ते माझ्या तळहाताला कळलंय. सोमवारी सकाळी ये, तुझाही आलेख काढू. तुझा हात थांबेपर्यंत चिमी मात्र माझ्याकडेच राहील. दाराला मी अजून कडी बसवलेली नाही. नुसतं ढकललंस तरी उघडेल.

तुझीच,
फुटक्या ओठाची धाकटी