यादीतलं पहिलं नाव

ट्युनिस, ऑगस्ट २०११

प्रिय मब्रूका,

तुला आणि आईला सलाम. माझा खोकला कमी आहे. आईचा गुडघा कसा आहे?

हुकूमशहा पळाला त्याला सात महिने झाले. ज्या चळवळीचं नाव घेतलं म्हणून मी तुरुंगात गेलो, तिच्या नावाची पाटी भर रस्त्यावर पाहिली की अजून पाय थबकतात. पोलीस समोरून जातो आणि सलाम करतो!

काल येत्या निवडणुकीसाठी आपल्या गाबेस भागातले चळवळीचे उमेदवार ठरत होते. नव्या नियमाप्रमाणे यादीत पुरुष आणि बाई आलटून पालटून हवेत. पहिला मीच, असं मी धरून होतो. चळवळीतले म्हातारे शेख अम्मार हसले.

"लमजद, अकरा वर्षं तू आत बसून होतास. जेवणाची टोपली घेऊन तुरुंगातुरुंगाची दारं कोणी ठोठावली? आमचे निरोप कोणी पोचवले? पहिलं नाव तुझ्या बायकोचं, मब्रूकाचं."

"ती ऐकायची नाही."

"घाबरतंय कोण, ती की तू?"

मब्रूका, इतकी वर्षं तू हे सगळं करत होतीस, ते मला दिसलं कसं नाही?

शनिवारपर्यंत कळव. दिवस पुन्हा फिरले तर या वेळी तुरुंगात तुला नेतील, हेही ध्यानात घे. तरीही हो म्हणणार असशील, तर टोपली कशी भरायची ते मला शिकवून ठेव.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारा,
लमजद