नवरीच्या मामाचा टी-शर्ट

तीर्थस्वरूप येसाजीमामांच्या पायांवर डोकं ठेवून भाचा मनोज याचा नमस्कार.

इकडे खालापुरात सगळे खुशाल. आई तेवढी तुमच्या नावानं डोळ्यांना पदर लावून बसलीय. भिवपुरीस तुमची कंबर कशी आहे? मामींना नमस्कार सांगा. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र. (फोन कापण्यापेक्षा पत्र फाडायला जास्त वेळ लागतो, तेवढ्यात चार ओळी तरी वाचून होतील.)

मामा, मुद्दा शांतपणे समजून घ्या. नम्रताच्या हळदीला सगळ्यांनी छापील पिवळे टी-शर्ट घालायचं ठरलं, आणि छपाईचं खातं मी घेतलं, कारण घरात तांत्रिक डोकं एकच आहे. विठूकाका म्हणाले, स्क्रीन-प्रिंटिंगनं छाप, सगळ्यांवर 'नवरीकडचे' एवढंच, विषय संपला. मी म्हटलं, काका, जग कुठं गेलं! स्क्रीनला प्रत्येक रंगाचा साचा वेगळा, आणि एकदा साचा केला की सगळ्यांना तेच. दहिवलीला समिधाताईंकडे डिजिटल मशीन आहे, कॉम्प्युटरवरचं चित्र थेट कापडावर उतरतं. एक शर्ट छापा नाहीतर शंभर, प्रत्येकावर नाव वेगळं, फोटो वेगळा. मी डिजिटल निवडलं आणि आजही छातीठोक सांगतो, निवड बरोबरच होती. भाऊबंद चुकीचे निघाले.

कारण वेगवेगळं छापता येतं हे कळल्याबरोबर घराघरात मानपान जागा झाला. धोंडूबाईआत्याला 'मोठी आत्या' हवं, तर चंद्राबाईआत्या म्हणते मोठी मी. (जन्मदाखले दोघींचेही नाहीत. मी दोन्ही शर्टांवर 'मोठी' छापलं. हाही डिजिटलचाच फायदा.) विठूकाकांनी बैलासोबतचा फोटो धाडला आणि बैलाचं तोंड नीट आलं पाहिजे अशी ताकीद दिली. ते आलंय, काकांचं अर्धं कापलं गेलं.

आता तुमचं प्रकरण. समिधाताई म्हणाल्या, आधी एक नमुना छापून धुऊन बघा, रंग टिकतो का. नमुना मानाच्या माणसाचाच हवा, म्हणून मी 'नवरीचा मामा' छापून घेतला आणि वापरून बघायला धनेशमामांना दिला. ते आईचे चुलतभाऊ, अंगानं तुमच्याएवढेच. यात माझं काय चुकलं? त्यांनी तो धुतलाच नाही. तोच घालून बाजारभर नमस्कार घेत हिंडले, नवरदेवाकडे जाऊन चहासुद्धा पिऊन आले, आणि नेमके तुम्हाला स्टँडवर दिसले. लगेच मला तुमचा फोन. 'तुमाला मामा गावला, आता माजं काय काम हाय?' एवढं बोलून तुम्ही फोन ठेवलात, तो ठेवलातच. छपाई मात्र पाहिलीत ना? कसली उठावदार!

आपला भाचा,
मनोज

ता.क. धनेशमामांकडे शर्ट परत मागितला. ते देत नाहीत. उलट मांडवात नवरीला आणायचं म्हणून त्यांनी फेटाही बघून ठेवलाय.

आणखी ता.क. नम्रता हटून बसलीय. मांडवात जाईन तर येसाजीमामाचा हात धरून, नाहीतर खोलीतून बाहेर येणार नाही. आई रडतेय, माझंही डोकं चालेना. मामा, या. हात जोडतो.

शेवटचा ता.क. तुमच्यासाठी नवा शर्ट फोटोसकट छापायला निघालो होतो. नम्रतानं हातातून काढून घेतला. म्हणाली, "येसाजीमामा माजा मामा हाय, हे छापून सांगायला लागतं काय रं?" तुमचा शर्ट कोराच आहे. तिनं घडी घालून आपल्या शालूसोबत ठेवलाय.