आधी फोंडा, मग पोर्तुगाल

१४ मे २०१६, टॅम्पिनीस, सिंगापूर
युरोप! पंधरा दिवस! मंदारनं जेवताना असं सांगितलं, जणू खालच्या दुकानातून दूध आणायला जायचंय. "आई, तू पण चल. क्लॅरिसच्या बाबांना त्यांचं मूळ गाव बघायचंय, पोर्तुगालमध्ये."
हातातली पोळी ताटात ठेवली. आमचं मूळ ठिकाण शोधावंसुद्धा लागत नाही. गोव्यात, फोंड्याजवळ, देवी आहे तिथे आहे. नव्या सुनेनं कुलदेवीची ओटी भरायची ही आमच्या घरची पद्धत. लग्नाला आठ वर्षं झाली, नात इरा सात वर्षांची घोडी झाली. दर वेळी एकच, "रजा नाही गं आई." मग आता कुठून उगवली रजा? सासऱ्याच्या गावाला रजा आहे, आईच्या देवीला नाही.
बी.पी.ची गोळी घेतली.

१५ मे
राग उतरलेला नाही.
हे गेल्यापासून मी ओटी भरत नाही. कुणी मना केलं नाही, माझाच हात धजत नाही. म्हणजे आमच्या घरची ओटी तेव्हापासून बंदच. पणजीला राहणाऱ्या माझ्या चुलत जाऊबाई, कुसुमताई, दर नवरात्रात फोन करतात, "तुमच्या वतीनं मी भरली हो." उपकार! सुनेसाठी घेतलेला हिरवा खण अजून कपाटात घडीचा घडी.
क्लॅरिसशी याबद्दल मी स्वतः कधी बोलले नाही. मंदारला सांगितलं म्हणजे तिला पोचलंच की. फार मागे लागले तेव्हा तो म्हणाला, "तिला नको वाटतं गं." ख्रिश्चन मुलगी, रविवारी चर्चला जाते, जबरदस्ती कोण करतंय? पण लागायचं ते लागतंच.

२२ मे
व्याही आले तोआ पायोहहून, करी पफ घेऊन. डेरिक. हे लोक युरेशियन, म्हणजे पूर्वज पोर्तुगीज, मलाक्काला आले, तिथल्याच बायका केल्या, पुढची पिढी सिंगापुरात. टेबलभर नकाशा पसरला. एका खेड्याला लाल गोल.
हेच गाव कशावरून? तर तिथे यांच्या आडनावाची माणसं पुष्कळ आहेत!
"अहो, मग पुण्यातल्या यच्चयावत जोशांचं गाव एकच म्हणायचं का?" मी मराठीतच बोलले. डेरिक म्हणाले, "व्हॉट डिड शी से?" मंदारनं सांगितलं, "आई म्हणते, छान आहे."
मेल्या!

८ जून, लिस्बन
पाय सुजलेत. चढ, उतार, दगडी रस्ते. सगळं शहर जिन्यावर बसवल्यासारखं.
नदीकाठी मोठा मठ, मनोरा. इथून जहाजं हिंदुस्थानाकडे निघायची. गाइड बाई काय अभिमानानं सांगत होती! इरानं विचारलं, "आजी, दे गो इंडिया फॉर व्हॉट?"
"देवळं पाडायला," म्हटलं.
मंदार घाईघाईनं, "आई, प्लीज. लहान आहे ती."
लहान आहे म्हणून खोटं सांगू? आमची देवी मुळात फोंड्याची नव्हेच. नदीच्या दुसऱ्या तीरावर होती. यांच्या माणसांनी देवळं पाडायला घेतली तेव्हा आमच्या पूर्वजांनी रातोरात मूर्ती होडीत घालून पलीकडे, यांचं राज्य नव्हतं तिथे, नेली. म्हणून फोंडा. सासूबाई हे सांगताना अजून कुणी मागे लागलंय अशा आवाजात सांगायच्या.
डेरिकना मी स्वतःच इंग्रजीत सांगितलं, मध्ये मुलाला घेतलंच नाही. ते कस्टर्डचं टार्ट खात होते. "ओह. सॉरी लाह," सिंगापुरी ढंगात म्हणाले. चारशे वर्षांनी सॉरी, तेही तोंडात टार्ट! यावर माणसानं रागवायचं तरी कसं?
टार्ट चांगलं होतं. दोन खाल्ली.

११ जून
लाल गोलाचं गाव. पन्नासेक घरं, ऑलिव्हची झाडं, रस्त्यात कुत्रं झोपलेलं. डेरिकनी आडनाव सांगितलं की लोक हसून मान डोलवायचे. त्यांचंही तेच असायचं. पुढे काही नाही. मला मनातून जरा बरंच वाटत होतं, खोटं कशाला लिहू.
चॅपल बंद होतं. शेजारच्या घरातून काळ्या कपड्यातली म्हातारी किल्ली घेऊन आली. आत बाप्तिस्म्याचं दगडी भांडं. कडा झिजलेल्या. डेरिकनी त्याला हात लावला आणि तो एवढा थोराड माणूस हमसाहमशी रडायला लागला. हे त्यांचं गाव असो नसो, रडणं खरं होतं.
म्हातारीनं सगळ्यांना मेणबत्त्या दिल्या. मलाही. मी साडीत, कपाळाला टिकली. कोण तू, कुठली, कुणाला मानतेस, काही नाही. माझी वात पेटेना तर तिनं आपल्या मेणबत्तीनं पेटवून दिली.
बाहेर कट्ट्यावर क्लॅरिस शेजारी येऊन बसली. हळूच म्हणाली, "आई, तुमच्याकडे असं ठिकाण नाही का? मंदारला विचारलं होतं. तो म्हणाला, आहे, पण तुला नेणं आईला अवघड जातं. विषय काढू नकोस."
मला अवघड जातं! मला!
तिला वाटलं मला नकोय. मला वाटलं तिला नकोय. आणि मध्ये हा बसलाय, दोघींना दोन गोष्टी सांगत. तळपायाची आग मस्तकात गेली. तिथल्या तिथे सगळं सांगितलं तिला. ओटी, खण, होडी, सगळं. इंग्रजी धड सुचेना. ती ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "एट इयर्स, आई."
हो ना गं बाई.

१२ जून
आगगाडीत मंदारला धरला. डबाभर लोक बघत होते, बघू देत. त्यांना मराठी कुठे येतंय.
"का केलंस?"
आधी रजा. मग काम. मग खिडकीबाहेर बघत, "तिथे कुणी तिला काही बोललं असतं तर? सगळ्यांसमोर, दारातून परत पाठवली असती तर? मी काय केलं असतं?"
"भांडला असतास!"
"मला नाही येत गं भांडता. तुला येतं."
पण म्हणून आईला आठ वर्षं शेंडी लावायची? त्याच्याशी बोलणं बंद. इरामार्फत निरोप चालू आहेत. ती सगळं इंग्रजीत सांगते, निम्मं चुकवते.

२६ जून, टॅम्पिनीस
परत आलो. क्लॅरिसनं स्वतः शाळेची सुट्टी बघून नोव्हेंबरची तिकिटं काढली. तिचं, माझं, इराचं. मंदारला म्हणाली, "तू यायचं की नाही ते तू ठरव."
कपाटातून खण काढून तिला दाखवला. घडीवर पट्टा उठलाय. तिनं खांद्यावर धरून आरशात पाहिलं. ओटीचा खण असा धरत नाहीत, पण धरू दिला.

३ जुलै
कुसुमताईंना फोन केला. आनंदानं केला, हीच माझी चूक. त्यांच्या यजमानांचं नाव देवळाचा कारभार बघणाऱ्या महाजनांत आहे, म्हणजे शब्दाला वजन.
"अहो वहिनी, दर्शन घेऊ देत लांबून. पण ओटी? ज्यांच्या भीतीनं देवी पळवून आणली, त्यांच्याच लेकीनं भरायची?"
म्हटलं, ती आमची सून आहे.
"तुमची हो. देवीला चालेल का, ते नको बघायला? यावर्षीही मी भरते की तुमच्या वतीनं."
फोन आपटावा तर मोबाईल. आपटता पण येत नाही मेला!
आणि त्या क्षणी आठवलं, मी स्वतः लिस्बनला काय काय बोलले होते ते. पण मी बोलले ते त्या मठाला. माझ्या सुनेला नव्हे. फरक आहे. आहेच.
मंदारला हे सांगितलं नाही. "बघ, मी म्हणत होतो" ऐकायची ताकद नाही.

१८ नोव्हेंबर
उद्या निघायचं. लिटल इंडियातून हळकुंडं, सुपाऱ्या, हिरव्या बांगड्या आणल्या. नारळ फोंड्यातच घेऊ. क्लॅरिस साडी नेसायचा सराव करतेय. निऱ्या उलट्या गेल्या, इरा हसून लोळतेय. "मम्मी, सो फॅट, लाह!" थोबाड फोडीन म्हटलं.
मंदारचं अजून "बघतो" चालू आहे. पण मघाशी त्याच्या खोलीत बॅग उघडी दिसली. रिकामी होती. उघडी होती.
संध्याकाळी कुसुमताईंचा फोन. म्हणे देवीला कौल लावणार. मूर्तीवर पाकळ्या लावायच्या. उजवीकडची आधी पडली तर क्लॅरिसनं आत जाऊन ओटी भरायची. डावीकडची पडली तर बाहेरून नमस्कार. "मग तर देवीचाच शब्द, वहिनी. माझा नव्हे."
तेव्हापासून धुमसतेय. देवीवर रागावता येत नाही, म्हणून भांडी घासली. लग्न होऊन आले तेव्हा मला आत सोडताना कुणी पाकळ्या लावल्या नव्हत्या. त्या खेड्यातल्या म्हातारीनंही नाही. माझ्या टिकलीकडे बघितलं आणि मेणबत्ती पेटवून दिली.
क्लॅरिसला सगळं सांगितलं. तिच्यापासून आता काही लपवायचं नाही. तिनं विचारलं, "डावी पडली तर, आई? तुम्ही तरी आत जा. इतकी वर्षं थांबलात."
मी म्हटलं, आधी त्या निऱ्या नीट कर.
डावी पडली तर मीही उंबऱ्याबाहेर, तिच्याशेजारी उभी राहीन, हातात ओटी घेऊन. एकदा होडीतून आलीच आहे की देवी माणसांसाठी. उंबरा ओलांडायला तिला कितीसा वेळ लागणार!