पत्रिकेत अण्णाचं नाव

६ एप्रिल, सोमवार
दादाच्या प्रज्ञाच्या लग्नाची पत्रिका आज करायला घेतली एकदाची. माझ्या टायपिंगच्या दुकानात भीमजयंतीचे बॅनर रांगेत उभे, पण भाचीची पत्रिका दुसऱ्याकडे टाईप करायला दिली तर ओतूरभर माझीच शोभा.

दादा निमगाव सावाहून फोनवर. नावं सांगायला बसला तो उठेचना. निमंत्रकांत भावकीतला एकूण एक माणूस हवा, आणि कोण कोणाच्या वर हे ठरवताना जीव मेटाकुटीला आला त्याचा. "शांतारामला वर घे. नाय, थांब, खाली घे. आसू दे, वरच घे, न्हाईतर बोलल काय तरी." कागदावर काही नाही, सगळं तोंडी. मी पत्रिकेच्या मधोमध रकान्यांचं शीट घातलं, ओळी हलवायला बरं. एका रकान्यात आयु., आयुष्मती, शेजारी नाव. पहिल्या ओळीत बाबा, ते आता नाहीत, म्हणून त्यांच्यापुढे तेवढं कालकथित. बाकी सगळे धडधाकट, म्हणून आयु.

अण्णाचं नाव शेवटी. चुलत भावांच्या पोरांच्याही खाली.
म्हटलं, "दादा, सख्खा भाऊ आहे."
"घातलंय न्हवं नाव? मग झालं."

बाबा गेले तेव्हा दादाने येडगावला अण्णाकडे उशिरा कळवलं. अण्णा पोचला तोवर सगळं उरकलं होतं. तेव्हापासून दोघांचं बोलणं नाही. कितीही समजावलं तरी... जाऊ दे. अण्णा लग्नाला यावा, एवढंच मला हवंय. आणि शेवटचं नाव बघून तो येणार नाही, हेही कळतंय.

७ एप्रिल, मंगळवार
आज शहाणपणा नडला.

कुणाचं नाव दोनदा तर पडलं नाही ना, म्हणून नावं अक्षरक्रमाने लावून बघितली. शांताराम खरंच दोनदा होता. एक पुसला. शीटमधून बाहेर आले, खाली स्थळ टाकलं, वेळ टाकली, सेव्ह केलं, घरच्या ग्रुपवर कच्ची प्रत पाठवली आणि चहाला गेले.

चहा अर्धा झाला नाही तर वहिनीचा फोन. "वन्सं, भावजींच्या नावापुढं काय लिवलंय ते बघा आधी."

बघते तर काय. मी फक्त नावांचा रकाना निवडला होता. नावं हलली, आयु. वगैरे जागच्या जागी. अण्णाचं खरं नाव अंकुश, म्हणून तो पहिल्या ओळीत. कालकथित अंकुश. आणि बाबा, महादू म्हणून, खाली मध्येच आयु. होऊन बसलेले. बाबांना तसं बघून क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

मागे घ्यायला कंट्रोल झेड मारलं. टाकलेली वेळ गेली. परत मारलं, स्थळ गेलं. परत मारलं तर अख्खं शीटच गायब, पत्रिकेत पांढरं भगदाड. रिडू केलं. शीट आलं, अण्णा तसाच मेलेला. आत शिरून बघितलं तर अनडूचं बटण करडं, दाबताच येईना. आत काय झालं ते बाहेरच्याला माहीत नाही आणि आतलं काही मागे घ्यायला तयार नाही. आमच्या घरासारखंच.

ग्रुपवरून उडवलं. पण तोवर सगळ्यांनी बघितलेलं. अण्णानेही.

त्याला फोन करायचा धीर झाला नाही.

८ एप्रिल, बुधवार
शटर वर करते तोच अण्णाचा फोन.
"ताई, मी कवा मेलो गं?"
मी रडायलाच लागले. रकाने, शीट, अनडू, काय काय सांगत सुटले.
"बरं बरं. रडू नको. त्याचा पण फोन आला व्हता काल."
"कुणाचा?"
"दादाचा."

मग वहिनीला फोन करून नीट विचारलं. दादाने ग्रुपवर ते बघितलं आणि भरल्या ताटावरून उठला. येडगावला फोन लावला. पलीकडून हॅलो आलं. हा म्हणाला म्हणे, "हाईस ना?" अण्णा म्हणाला, "हाय." एवढंच. ठेवला फोन.

दिवसभर हसू येतंय, मध्येच डोळे भरतायत. कुणाच्या तरी बॅनरवर मंडळाचं नावच टाकायचं विसरले. गिऱ्हाईकाने दाखवलं, चिडला नाही, नशीब.

१० एप्रिल, शुक्रवार
दादा दुकानात आला, क्रम पुन्हा लावायला. मला आठवेना, त्यालाही आठवेना. शीट काढूनच टाकलं होतं मी. साध्या ओळी केल्या, आयु. आणि नाव एकत्र, हाताने टाईप करून. बाबा वर, कालकथित. बाकी अक्षरक्रमानेच ठेवलेत. म्हणजे बाबांच्या खाली अण्णा, आणि दादा, वसंत असल्यामुळे, पार तळाशी, त्याच्याखाली फक्त शांताराम.

"मी एवढा खाली?"
"अक्षरक्रम आहे. हलवू?"
चष्मा काढला, पुसला, परत घातला. "नको. ऱ्हाऊ दे. भावकीत कुणी बोललंच तर सांगता येतंय, मशीननं लावलंय."

किती हायसं वाटलं मला. त्यालाही वाटलं असणार, जाताना चहा मागून घेतला.

अण्णाला कळवलं. म्हणाला, "मोबाइलवर बोलावणं आसतंय का ताई? घरी येऊन दे म्हणावं त्याला."
बरोबरच आहे. घरच्या माणसाला पत्रिका हातात द्यायची. पण दादाला हे सांगणार कोण? मीच.

१४ एप्रिल
जयंती झोकात. बॅनर सगळे वेळेत गेले. घसा बसलाय. आणखी काही लिहीत नाही.

१६ एप्रिल, गुरुवार
पत्रिका छापून आल्या. दादा गठ्ठा न्यायला आला. अण्णाचा निरोप भीत भीत सांगितला. ऐकून घेतलं. मग गठ्ठ्यातून एक पत्रिका काढून माझ्यापुढे ठेवली. "सुनंदा, ह्याच्यावर नाव घाल."
"काय लिहू?"
"काय म्हंजे? आयु. अंकुश महादू." पेन माझ्याकडे सरकवलं. "आयु. ठळक लिव्ह."

लिहिलं. पत्रिका त्याने शर्टाच्या आत घातली, दुमडू नये म्हणून. गाडी येडगावच्या रस्त्याला लागली ते दारात उभी राहून बघितलं.

दिवेलागण झाली. दोघांपैकी कुणाचाच फोन नाही. मीही करत नाही. आत्ता वहिनीचा आला. "वन्सं, ह्यांच्यासाठी थांबू का जेवायची?"
म्हटलं, तुम्ही जेवून घ्या.