नव्या चाकांचा घोळ

३ मार्च, मंगळवार

आली एकदाची चाकं! चार खोकी, बैठकीच्या खोलीत, सोफ्याला खेटून. गॅरेजमध्ये ठेवा म्हटलं तर तिथे ओल आहे म्हणे. अलॉयची चाकं ती, त्यांना सर्दी होईल!

हे म्हणतात, महिनाअखेरपर्यंत गाडी रस्त्यावर काढायची. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलंय — अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून यांना डावीकडचं नीट दिसत नाही, हातात जोर नाही, यापुढे गाडी चालवायची नाही. वर "तुम्हीच समजावा" म्हणाले. बरं आहे त्यांचं! अडतीस वर्षं त्या लाल दोन सीटच्या गाडीवर जीव टाकणाऱ्या माणसाला मी कुठल्या तोंडाने समजावू? दवाखान्यात जाताना आमची साधी गाडी मी चालवते, तर ब्रेकपासून गिअरपर्यंत सगळ्याला नावं ठेवतात.

चाकं बसली की सांगेन.

५ मार्च, गुरुवार

अख्खा दिवस गॅरेजमध्ये. हे खुर्चीवर, मी जमिनीवर. आधी बोल्ट ढिले कर, मग जॅक लाव, पाना सरळ धर, तिरका नाही गं! जुनं लोखंडी चाक काढलं, नवं चढवलं. पहिला बोल्ट हाताने सरसर गेला. दुसरा कुरकुरला. तिसरा अडलाच. जोर लाव म्हणे. लावला. नाही म्हणजे नाही! तर निष्कर्ष काय — तुला जमत नाही.

कंबर धरलीय. हे मात्र ढाराढूर झोपलेत.

६ मार्च, शुक्रवार

आज शिवणाची टेप घेऊन गेले. समोरासमोरच्या भोकांमधलं अंतर, मध्यापासून मध्यापर्यंत. नव्या चाकावर शंभर मिलिमीटर, जुन्यावर अठ्ठ्याण्णव. तीनदा मोजलं. जन्म शिलाई मशीनवर गेला माझा, दोन मिलिमीटरने काय होतं ते मला नका शिकवू.

दुकानदाराला माप यांनीच कळवलं होतं. स्वतःच्या हाताने शंभर लिहिलंय. पूर्वी दुसऱ्याच्या गाडीतली असली चूक लांबून ओळखायचे. टेप पुढे धरली तर म्हणाले, तुझी टेप ताणली गेलीय. इतका राग आला! टेप गुंडाळून घरात निघून आले.

७ मार्च, शनिवार

बोलणं बंद.

१२ मार्च, गुरुवार

दुकानदाराने तोंड वाकडं करत चाकं बदलून दिली. ती घेऊन टायरवाल्याकडे. तो म्हणाला, काका, लोक रुंद चाकं टाकतात, तुम्ही जुन्यापेक्षाही अरुंद घेतलीत, गाडीचा रुबाब जाईल. मलाही तेच वाटत होतं. हे त्याच्यावर खेकसले, सांगितलंय तेवढं कर. हौसेने आणायचं आणि कुणी विचारलं की अंगावर जायचं!

१४ मार्च, शनिवार

बसली! चारही! बोल्ट सगळे हाताने गेले, मग एकाआड एक, समोरासमोरचे आवळले. हे खुर्चीवरून सांगत होते आणि मी मुकाट ऐकत होते.

आता सांगूनच टाकायचं म्हणून हात पुसले. तर हे उठून चाकांवरून फडकं फिरवायला लागले. प्रत्येक चाकाचा डावा काठ तसाच मळका राहिला. यांना दिसलाच नाही. "चहा टाकते" म्हणून मी स्वयंपाकघरात पळाले. भित्री कुठली! चहाही उतू गेला.

उद्या. गाडी बाहेर काढायच्या आधी.

१५ मार्च, रविवार

सांगावं लागलंच नाही. यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "अरुंद मुद्दाम घेतलीत, स्टिअरिंग तुला जड जाणार नाही." आणि गाडीला वळसा घालून स्वतः शेजारच्या सीटवर जाऊन बसले.