उर्वशीला दुधाची वाटी पाजून दाखविण्यास नकार व तांदळाच्या डब्याची विनंती

दि. १२ फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. सदस्य सचिव साहेब,
विशेष बालआहार पुरवठा समिती,
जिल्हा भंडारा.

अर्जदार : मनकर्णाबाई तुलाराम काटेखाये, वय ५८, धंदा शेती, रा. आसगाव, ता. पवनी.

विषय : नात उर्वशी हिला गायीचे दूध चालत नसल्याने तांदळापासून केलेल्या बाळाच्या पावडरीचा डबा मिळणेबाबत, व सोमवारच्या तपासणीबाबत.

संदर्भ : माझे आधीचे दोन अर्ज, व त्यावर समितीची आलेली पत्रे.

महोदय,

रामकृष्णहरी. मी खाली सही करणारी बाई आपणांस कळविते की,

१. माझी नात उर्वशी भुपेंद्र काटेखाये ही सात महिन्यांची आहे. तिची आई रीना, म्हणजे माझी सून, बाळंतपणात रक्त जाऊन वारली. आई नसलेल्या लेकराचे दूध गावाने वाटून घ्यायचे, असा आमच्याकडे रिवाज आहे. ज्याच्या गोठ्यात गाय व्याली त्याच्या घरून पेला यायचा. शेजारच्या शकुनबाई म्हणाल्या, "तू चूल सांभाळ व माय, लेकरू पोसाले गाव हाये." गावाने प्रेमाने पाजले आणि लेकराच्या शीतून रक्त पडू लागले, अंगावर गांधी उठल्या. नागपूरच्या बालरोग डॉक्टरांनी गायीच्या दुधाची ॲलर्जी असल्याचे लिहून दिले. म्हशीचे व बकरीचेही देऊ नका म्हणाले, आणि तांदळापासून केलेली पावडर लिहून दिली.

२. तांदळाची पावडर म्हटल्यावर आम्ही धानवाले लोक हसलो. माझे मालक म्हणाले, "तांदूळ इकत आनाले नागपूरले जाऊन राह्यली काय? कोठीत पाह्य." हलका, लवकर येणारा धान नुकताच निघाला होता. नव्या तांदळाची पेज केली, गाळून पाजली. दूध आणणारी घरे आता पेज आणू लागली. लेकरू रडायचे थांबले. आम्हांस वाटले, मानवले. साहेब, रडायला अंगात जीव लागतो, हे आम्हांस उमगले नाही. पाय सुजले, बोट दाबले तर खड्डा तसाच राहायचा. तेव्हा डॉक्टरांनी समजावले की पेजेत पोट भरते, अंग भरत नाही. डब्यातल्या पावडरीत तांदळातले पोषण बारीक करून, तेल व जीवनसत्त्वे घालून दुधाच्या तोलाचे केलेले असते. ते चुलीवर होत नाही.

३. डबा सुरू झाला आणि सूज उतरली. भजनात टाळ वाजले की पोरगी मान फिरवून पाहू लागली. परंतु हा डबा नागपूरहून आणावा लागतो, आणि माझा मुलगा भुपेंद्र राइस मिलमध्ये हमाल आहे. दिवसभर तांदळाची पोती पाठीवर वाहून त्याला तांदळाचा एक डबा होत नाही. म्हणून मी पहिला अर्ज केला. तो आपल्या कार्यालयातून धान्य शाखेकडे गेला, आणि उर्वशीच्या नावाने राशन दुकानात पाच किलो तांदूळ आला. दात नसलेल्या लेकराच्या नावाने. दुसऱ्या अर्जावर उत्तर आले की, जिल्हा धान पिकविणारा असल्याने तांदळाची वस्तू बाहेरून पुरविण्याचे प्रयोजन दिसत नाही.

४. पुरावा काय, असे विचारता, तर पुरावा आमच्या सबंध गावाने डोळ्यांनी पाहिला आहे. मार्गशीर्षात सप्ताह होता. मला कीर्तनाची फार आवड. घरात दुःख असले तरी मी एक कीर्तन चुकविले नाही, तेवढाच आधार. काल्याच्या दिवशी लेकरू मांडीवर घेऊन पुढे बसले होते. महाराज म्हणाले, लेकराच्या मुखी गेलेला घास आधी देवाला पोचतो. दहीकाला वाटला. मी डोळे मिटून गजर म्हणत होते. शकुनबाईंनी बोटाने एवढासा काला उर्वशीच्या ओठाला लावला. दूध नाही, पेज नाही, प्रसाद. नंतर रडत म्हणाल्या, "परसादाले कायचा अपाय होते व? तो का खानं हाये?" आमच्याकडे कोणालाही विचारा, हेच सांगेल. त्यांना मी बोल लावत नाही. लावला तर गावाला लावावा लागेल.

ओठ सुजले, आवाज बसला, नखे निळी पडली. महाराजांनी उभ्या कीर्तनात गळ्यातला वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घातला आणि स्वतःच्या गाडीत आम्हांस घेऊन पवनीला धावले. सुई दिल्यावर श्वास परतला. महाराजांनी व सरपंचांनी तसे लिहून दिले आहे. ते, व नागपूरचा दाखला, मी समितीकडे पाठविला.

५. यावर समितीचे पत्र आले, ते असे : "प्रसाद ही वैद्यकीय बाब नसल्याने सदर घटना ग्राह्य धरता येत नाही. नागपूरचा दाखला खाजगी आहे. सबब अर्जदाराने बालिकेसह सोमवार दि. १७ रोजी समितीच्या सभागृहात उपस्थित राहावे. सोबत गायीचे दूध एक वाटी आणावे. समितीसमक्ष पाजून खात्री करण्यात येईल. गैरहजर राहिल्यास अर्ज निकाली काढण्यात येईल."

मी पत्र दोनदा वाचले. मग नागपूरला फोन लावला. डॉक्टर म्हणाले, अशी तपासणी असते, पण ती हॉस्पिटलात, थेंबा-थेंबाने, प्राणवायू व सुई हाताशी ठेवून; आणि ज्या लेकराचा श्वास एकदा कोंडला त्याची या वयात करूच नये. सभागृहात वाटीने तर नाहीच. मी समितीच्या बाबूंना फोन केला की तेथे डॉक्टर राहतील काय. ते म्हणाले, "बाई, चहापाण्याची सोय आहे, डॉक्टरचं पत्रात नाही."

६. महोदय, आपणही कोणाचे आजोबा किंवा बाप असाल. आपल्या मनात वाईट आहे असे मी म्हणत नाही. माझ्या लेकराला आजवर ज्यांनी ज्यांनी मरणाच्या दारी नेले, त्यांपैकी कोणाच्याच मनात वाईट नव्हते. म्हणूनच भीती वाटते.

तरी सोमवारी मी एकटी येईन. उर्वशीला आणणार नाही व दूधही आणणार नाही. सकाळच्या एसटीने निघून सभा उघडण्याआधी दारात हजर राहीन. कृपा करून माझी हजेरी लिहून घ्यावी. अर्ज निकाली काढायचाच असेल तर कारणात "गैरहजर" लिहू नये. "अर्जदार बाईने लेकराला दूध पाजण्यास नकार दिला" असे लिहावे. त्याखाली मी सही करीन.

आणि डबा देण्याचे ठरले तर त्याच दिवशी हातात द्यावा. घरातला डबा रविवारपर्यंत पुरेल. सोमवारी सकाळी लेकराला काय पाजून निघायचे, ते अजून ठरलेले नाही.

आपल्या निर्णयाकडे डोळे लावून बसलेली,
नम्र अर्जदार,
(सही)
मनकर्णाबाई तुलाराम काटेखाये

सोबत :
१. नागपूरच्या डॉक्टरांचा दाखला
२. पवनी येथे सुई दिल्याचा कागद
३. महाराज व सरपंच यांचे लेखी निवेदन
४. सून रीना हिचा मृत्यू दाखला