पिल्लाला पहाटेची सवय लावताना

आबा, ज्या संध्याकाळी तुम्ही शर्टाच्या आतून ते पिल्लू काढून आपल्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवलंत, ती संध्याकाळ हल्ली सारखी आठवते. गावात तेव्हा नुकत्याच केबलच्या तारा आल्या होत्या, पण बारामतीबाहेर कॅनॉलला लागून असलेल्या आपल्या सरकारी खोलीपर्यंत त्या पोचल्या नव्हत्या. मी आठवीत होते. जळोचीच्या पलीकडच्या वस्तीवर तुमचे एक जुने सोबती राहायचे. त्यांच्या घरची मेंढरं जाऊन शेती आली होती, कुत्री मात्र त्याच जुन्या जातीची, उंच पायांची, बारीक कमरेची. त्यांच्याकडून तुम्ही ते मागून आणलं होतं. आई चुलीपुढून म्हणाली, "आता ह्येला कोण बघणार?" तुम्ही माझ्याकडं बोट केलंत. "ही हाय की. पहाटं माझ्यासंगं कॅनॉलवर यायची सवय लावायची त्याला. दोरी ही धरंल."

वडील काय करायचे असं कुणी विचारलं, की मी आजही अभिमानानं सांगते, पाटकरी होते. कॅनॉलचं पाणी कुणाच्या शेताला कधी सोडायचं ते बघायचे, आणि रोज उजाडायच्या आत भरावावरून चालत जाऊन कुणी पाण्याचं दार उचललंय का, कुठं भराव फोडलाय का, ते तपासायचे. तुमची पहाट ठरलेली असायची. उठलात की गार पाण्यानं तोंड धुणार, मफलर गुंडाळणार, बॅटरी नि काठी घेणार आणि चहा न घेताच बाहेर पडणार. चहा परत आल्यावर. पाऊस असो, थंडी असो, आजारपण असो, यात बदल म्हणून मी पाहिला नव्हता.

पिल्लाला मात्र पहाट अजिबात मान्य नव्हती. ते पोत्यावर असं मुडपून झोपायचं, की उचललं तरी डोळे उघडायचं नाही. पहिल्या दिवशी मी त्याला दोरीनं ओढलं, ते रस्त्यातच बसलं, मी चिडून त्याच्या पाठीवर चापट मारली. तुम्ही थांबलात. आवाज न चढवता म्हणालात, "त्याला कशापायी मारती? उठाया जड जातंय, ह्यो त्याचा गुन्हा हाय व्हय?" मला तो बोल लागला, कारण तुम्ही मला सहसा बोलत नसायचात. मग तुम्हीच त्याची रीत बसवलीत. दिवस मावळायच्या आत दुधात भाकरी कुस्करून द्यायची, रात्री काही द्यायचं नाही. पोतं दाराशी, तुमच्या अंथरुणाजवळ. उठवताना हाक मारायची नाही, नुसता पाठीवर हात ठेवायचा आणि ते अंग ताणेपर्यंत तसाच राहू द्यायचा. आधी अंगणातल्या लिंबापर्यंत न्यायचं, तिथं त्याचं आटोपलं की परत. मग पुलापर्यंत. मग थोडं पुढं. एके दिवशी मी डोळे चोळत उठते, तर पिल्लू तुमच्या चपलेपाशी शेपूट हलवत उभं. तुम्ही इतके हसलात, की आई जागी झाली.

सवय लागली, पण माझी सुटका झाली नाही. आई कुरकुरायची, "पोरगी शाळंत झोपती. आता कुत्रं येतंय की आपल्या पायानं." तुम्ही म्हणायचात, "अजून ल्हान हाय. पाण्यात बिन्यात गेलं तर?" भरावावर आलो, की तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवायचात. पुढं पिल्लू, मागं दोरी धरून मी, माझ्या मागं तुम्ही. एका बाजूला काळं, आवाज न करता वाहणारं पाणी, दुसऱ्या बाजूला खाली उसाचे फड. पोरगी भिईल म्हणून आबा हात ठेवतात असं मला वाटायचं, आणि तो जड, उबदार हात मला आवडायचा. तो हात मला आधार देत नव्हता, माझा आधार घेत होता, हे मला तेव्हा कसं कळणार होतं?

कळलं ते थंडी सरता सरता. त्या पहाटे बॅटरीचे सेल उतरले होते, उजेड पिवळा पडला होता. पिल्लू मध्येच मुतायला थांबलं, म्हणून मीही थांबले. तुम्हाला कसली तरी घाई होती. "ये मागनं," म्हणालात आणि एकटे पुढं निघालात. तुमच्या पुढ्यात वाटेवर एक काळा पट्टा आडवा गेलेला मला दिसतो आहे. कुणीतरी पाइप घालायला भरावावर चर खणून तसाच टाकला आहे. मला वाटतं, तुम्हालाही दिसतोय. तुम्ही चालता आहात तसेच चालत राहता, आणि पुढच्या क्षणी तुम्ही नाही. बॅटरी नाही. नुसता माती घसरल्याचा आवाज.

मी किंचाळले. पिल्लू भुंकायला लागलं, आयुष्यात पहिल्यांदा. चरातून पाणी वाहायला लागलं होतं आणि तुम्ही कमरेपर्यंत त्यात, एका बाभळीच्या मुळाला धरून. मी हात पुढं केला, तो तुम्हाला सापडेना. हात तुमच्या तोंडासमोर होता, आबा, आणि तुम्ही हवेत चाचपडत होतात. शेवटी मीच तुमचं मनगट पकडलं. वर आल्यावर धापा टाकत तुमचं पहिलं वाक्य, "पळ! खालच्या वस्तीला उठीव. भराव जाईल!" मी दोरी टाकली आणि पळाले. वस्तीतली माणसं फावडी, घमेली, मातीच्या गोण्या घेऊन धावत आली. पाणी पहिल्या घराच्या अंगणात शिरलं होतं, पडवीत एक बाळंतीण लेकराला छातीशी धरून खाटेवर उभी होती. उजाडेपर्यंत चर बुजला. कुणाला काही झालं नाही. लोक तुम्हाला म्हणत होते, "पाटकरी, तुमी व्हता म्हणून वाचलो." तुम्ही कुणाकडंही बघत नव्हतात.

सगळे गेल्यावर आपण दोघं भरावावर बसलो. तुमचे कपडे ओले, दात वाजत होते. तुम्ही विचारलंत, "तुला चर दिसला व्हता?"

"व्हय."

"कुठनं?"

"पिल्लू थांबलं व्हतं तितनं."

तुम्ही त्या जागेकडं बघितलंत. आता उन्हात तुम्हाला सगळं स्वच्छ दिसत होतं. बराच वेळ तुम्ही ते अंतर बघत राहिलात. "मला पायाखाली आल्यावर बी न्हाय दिसला," म्हणालात. "दिवस मावळला की सगळं काळं हुतंय. वरीस झालं. काल बी मी हितनंच गेलो. काल हितं कुणी कुदळ मारली व्हती का, सांग मला."

"मला न्हाय म्हाईत, आबा." मग मी विचारलं, "म्हंजी पिल्लू माझ्यासाठी आणलं व्हतं? मला संगं आणाया?"

"पिल्लू बी पायजेच व्हतं. पर खड्डा आला म्हणून सांगाया माणूस लागतंय. आन सरळ तुला म्हणायची लाज वाटत व्हती." तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवलात. "मी बुडालो असतो तर एक वेळ चाललं असतं. ती बाळंतीण बघितलीस न्हवं?"

मला वाटलं होतं, तुम्ही मला गप्प बसायला सांगाल. मी गप्प बसलेही असते. पण त्याच सकाळी, चहासुद्धा न घेता, ओल्या कपड्यांनी तुम्ही कॅनॉलच्या साहेबांच्या बंगल्यावर गेलात. आत काय बोलणं झालं ते तुम्ही कधी सांगितलं नाही. बाहेर आलात तेव्हा चेहरा पार उतरला होता. पुढं पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, हा रोग डोळ्यांच्या पडद्याचा, औषध नाही, आणि बऱ्याचदा घराण्यात चालत येतो. तेवढं ऐकून तुम्ही मला पाणी आणायला बाहेर पाठवलंत. मी परत आले तेव्हा तुम्ही आणि आई, दोघंही जमिनीकडं बघत बसला होतात.

मग इंदापूरला बदली. कचेरीत शिपायाचं काम, सगळं दिवसाउजेडी. हायवेच्या अंगाला भाड्याची खोली, येता-जाता ट्रकचा आवाज. आईला बरं वाटलं, बुद्धविहार जवळ होता, पौर्णिमेला जाता यायचं. तुम्हाला काय वाटलं? पिल्लू आता पिल्लू राहिलं नव्हतं, माझ्या कमरेला लागत होतं, आणि त्याची पहाट पक्की झाली होती. अंधारातच ते उठायचं, तुमच्या चपला हुंगायचं, पांघरूण ओढायचं. तुम्ही जागेच असायचात. "झोप गड्या. कुठं जायाचं न्हाय आता." ते ऐकायचं नाही, दारावर नखं घासत राहायचं. तुम्ही त्याला उशिरा खायला घालून बघितलंत, आतल्या खोलीत बांधून बघितलंत. एकदा आम्हाला न सांगता त्याची दोरी धरून बाहेर पडलात. ट्रकचा करकचून ब्रेक लागला, ड्रायव्हरच्या शिव्या ऐकून आम्ही धावलो, तर तुम्ही रस्त्याच्या मधोमध, दोरी दोन्ही हातांनी धरून, कुठल्या बाजूला जावं ते न कळून उभे. आई तिथंच खाली बसली.

त्या आठवड्यात तुम्ही कुत्र्याला बारामतीला नेलंत. तुमच्या जागी आलेला नवा पाटकरी तरणा होता, त्याला पहाटेचा सोबती हवा होता. संध्याकाळी तुम्ही मोकळे परतलात. मी रडले. जेवताना तुम्ही घास हातात धरून म्हणालात, "सवय लावाया येती मला. मोडाया न्हाय येत." त्यानंतरही रोज पहाटे तुम्ही उठून भिंतीला टेकून बसायचात, उजाडेपर्यंत. मी बघायची आणि झोपल्याचं सोंग घ्यायची. जाऊन शेजारी बसले तर तुम्हाला अवघडल्यासारखं होईल, असं वाटायचं.

तुम्ही गेलात तेव्हा तुम्हाला दिवसाही फारसं दिसत नव्हतं. त्यालाही आता खूप वर्षं झाली. डॉक्टरांनी त्या दिवशी पुढं काय सांगितलं, ते आईनं मला तुमच्या जलदान विधीच्या दिवशी सांगितलं. मला पाण्याला पाठवून तुम्ही एकच विचारलं होतं म्हणे, "माझ्या पोरीला?" आणि डॉक्टर म्हणाले होते, आत्ता सांगता येत नाही.

मी इंदापूरजवळच्या एका शाळेत शिकवते, आबा. शाळा सुटून वर्ग, वह्या आवरेपर्यंत संध्याकाळ होते. गेल्या महिन्यात उसाच्या ट्रेलरला माझी स्कूटर जवळजवळ धडकली. घरी सगळे ट्रेलरवाल्याला नावं ठेवत होते, मागं दिवा नको का लावायला म्हणून. दिवा होता. लाल, चांगला मोठा. दुसऱ्या दिवसापासून मी बसनं जायला लागले. यांनी कारण विचारलं, तर पाठ दुखते म्हणून सांगितलं. तेव्हापासून हे बिचारे रोज रात्री पाठीला तेल लावून देतात, आणि मी गुपचूप लावून घेते. पाठ ठणठणीत आहे माझी.